व्हायरल लोड मोजला. मन कोण मोजणार?

न्यायालयाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली बसून एका भगिनीने मला दोन कागद दाखवले. पहिला कागद व्हायरल लोड तपासणीचा होता. रक्तातील विषाणूंची संख्या यंत्रालाही सापडू नये इतकी कमी झाली आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे औषध लागू पडले आहे आणि बाई गोळ्या न चुकता घेते आहे. दुसरा कागद नऊ प्रश्नांचा होता. कुठल्याशा अभ्यासासाठी आलेल्या एका मुलीने तो औषधाच्या रांगेतच भरून घेतला होता आणि त्याची एक प्रत हिच्या पिशवीत आली होती. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले काय, झोप लागते काय, भूक लागते काय, यापेक्षा मेलेले बरे असे मनात आले काय? नवाच्या नऊ प्रश्नांपुढे ‘अजिबात नाही’ या रकान्यात खूण होती. एकूण गुण शून्य. म्हणजे कागदाच्या हिशेबाने या बाईला नैराश्य नाही, सर्व काही आबादीआबाद!

ज्या आठवड्यात तिने हा कागद भरला, त्याच आठवड्यात सासूने तिची पेटी अंगणात फेकली होती. नवरा वारून सहा वर्षे झालेली. दहा वर्षांचा मुलगा सासरच्यांनी अडकवून ठेवलेला. ती एका नातेवाइकाच्या पडवीत रात्र काढत होती आणि त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. मी विचारले, “ताई, मग सगळीकडं ‘नाही’ कसं सांगितलं?” ती म्हणाली, “वकीलसाहेब, त्या पोरीपुढं रडले असते तर तिनं लिवलं असतं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. मंग कोर्टात पोराचा ताबा कोन देतंय मला?”

मी गप्प झालो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे आम्ही वकील मंडळी पहिल्या वर्षापासून घोकतो. जुन्या पुरावा कायद्याचे कलम २५ तेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियमही तेच सांगतो. कारण उघड आहे. ज्याच्या हाती आपले बरेवाईट आहे, त्याच्यापुढे माणूस खरे बोलेलच असे नाही. अंगावर काही येणार नाही असे तो बोलतो. मग ज्या खिडकीतून गोळ्या मिळतात, त्याच खिडकीपुढे उभे करून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे खरी कशी मानायची?

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांचे मनःस्वास्थ्य मोजण्याचा विषय गेली काही वर्षे वैद्यकीय वर्तुळात चर्चेत आहे. आपल्या चळवळीत मात्र त्याची चर्चा नाही. ती व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

तीन पंच्याण्णव आणि राहून गेलेला आकडा

जे झाले आहे ते आधी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. १९९२ साली नॅको म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना उभी राहिली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून एआरटीची औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून, सीडीफोर पेशींची संख्या कितीही असो, बाधित आढळलेल्या प्रत्येकाला औषध सुरू करण्याचे धोरण आले. ज्या आजाराच्या नावाने पूर्वी तिरडीची तयारी व्हायची, तो आजार असलेली माणसे आज कामावर जातात, संसार करतात, नातवंडे खेळवतात. विज्ञानाचे आणि बाधितांच्या संघटनांनी केलेल्या लढ्याचे हे श्रेय आहे. नॅकोच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे.

या कामाचे मोजमाप जगभर एका सूत्राने होते: ९५-९५-९५. बाधितांपैकी ९५ टक्के लोकांना आपली बाधा माहीत असावी, त्यांतील ९५ टक्के औषधावर असावेत, आणि औषधावर असलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांच्या रक्तातील विषाणू दबलेला असावा. २०२५ पर्यंत गाठायचे हे लक्ष्य होते. सूत्र चांगले आहे. पण त्यात माणूस कुठे आहे? तिन्ही आकडे विषाणूभोवती फिरतात. विषाणू दबला की खाते बंद! पडवीत रात्र काढणारी आमची भगिनी या तिन्ही पंच्याण्णवांत बसते. ती यशाचा आकडा आहे.

ही उणीव वैद्यकातल्या लोकांनाही जाणवली. २०१६ साली जेफ्री लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चौथ्या नव्वद’ची कल्पना मांडली. तेव्हाचे सूत्र ९०-९०-९० असे होते. विषाणू दबलेल्यांपैकी ९० टक्के लोकांचे जगणेही चांगले असले पाहिजे, आणि ते मोजले गेले पाहिजे, असा तो आग्रह होता. पुढे २०२१ साली संयुक्त राष्ट्रांनी आणखी एक लक्ष्य मान्य केले: कलंक आणि भेदभाव सोसणाऱ्या बाधितांचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आणायचे. १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतही आरोग्य म्हणजे केवळ रोग नसणे नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य असेच म्हटले आहे. तत्त्व जुने आहे. प्रश्न ते आपल्या वस्तीपर्यंत कोणत्या रूपात पोहोचते हा आहे.

मोजमापाची हत्यारे

मन कसे मोजतात? त्यासाठी प्रश्नावल्या असतात. वर सांगितलेला नऊ प्रश्नांचा कागद पीएचक्यू-९ या नावाने ओळखला जातो. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक गुण आले की नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी करायची. जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ ही पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती आजार विचारत नाही, प्रसन्नता विचारते. सकाळी ताजेतवाने वाटते काय, रोजच्या जगण्यात मन रमते काय, असे विचारते. शंभरपैकी पन्नास किंवा त्याहून कमी गुण आले तर मनाची स्थिती बरी नाही असे समजतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल रिफ यांनी १९८९ साली मनःस्वास्थ्याची सहा अंगे मांडली: स्वतःचा स्वीकार, इतरांशी चांगले संबंध, स्वायत्तता, परिस्थितीवर पकड, जगण्याला हेतू आणि स्वतःची वाढ. ही सहा अंगे वाचून कोणत्याही आंबेडकरी कार्यकर्त्याला वाटेल की, यासाठीच तर आपला लढा आहे!

खास एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी डब्ल्यूएचओक्यूओएल-एचआयव्ही ही प्रश्नावली तयार झाली. तिच्या छोट्या आवृत्तीत ३१ प्रश्न आहेत आणि शरीर, मन, स्वावलंबन, नातेसंबंध, परिसर व श्रद्धा-मूल्ये असे सहा विभाग आहेत. ओळखीची माणसे तुम्हाला आपले मानतात काय, या आजाराबद्दल लोक दोष देतात त्याचा त्रास होतो काय, भविष्याची भीती वाटते काय, असे प्रश्न तिच्यात आहेत. ही प्रश्नावली मला इतरांपेक्षा जवळची वाटते, कारण ती निदान दोष देणाऱ्या समाजाचे अस्तित्व मान्य करते.

प्रश्नावली चांगली की वाईट हे ठरवायला शास्त्राच्या दोन कसोट्या आहेत. एक विश्वसनीयता: तराजूत तेच धान्य पुन्हा टाकले तर तेच वजन आले पाहिजे. दुसरी सप्रमाणता: आपण धान्यच मोजतो आहोत, पोत्याचे वजन नाही, याची खात्री पाहिजे. एचआयव्हीच्या बाबतीत दुसरी कसोटी अवघड आहे. थकवा येतो, झोप लागत नाही, अन्न जात नाही ही नैराश्याची लक्षणे आहेत. पण ती आजाराचीही असू शकतात आणि औषधाचीही. अनेक वर्षे एआरटीत वापरल्या गेलेल्या एफाविरेन्झ या औषधाने झोप उडणे, विचित्र स्वप्ने पडणे, मन खचणे असे त्रास होत हे डॉक्टरांना ठाऊक आहे. आणि उपाशी माणसाला भूक लागते काय असे विचारले तर तो काय सांगणार? भूक लागते, पण घरात पीठ नाही, हे लिहायला त्या कागदात रकानाच नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. आमच्या आयाबहिणी ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाहीत. त्या म्हणतात, जीव लागत नाही, डोकं भणभणतं, काळीज धडधडतं, कशात मन नाही. इंग्रजी प्रश्नाचे पुस्तकी मराठी करून विचारले तर समोरची बाई मान डोलावते आणि कागद भरला जातो. भाषांतर करून ते पुन्हा मूळ भाषेत उलटवून तपासण्याची पद्धत शास्त्रात आहे. पण ते तपासताना वस्तीतली बाई टेबलाशी बसलेली असते काय?

याचा अर्थ ही हत्यारे टाकाऊ आहेत असा नाही. आपली चळवळ विज्ञानविरोधी नाही आणि होताही कामा नये. योग्य हातात हीच प्रश्नावली एखाद्याचा जीव वाचवते. याच भगिनीचे पुढे काय झाले ते सांगतो. बाधितांच्या गटात काम करणारी, स्वतः एचआयव्हीसह जगणारी एक कार्यकर्ती तिच्याकडे गेली. चहा झाला, स्वतःची कहाणी तिने आधी सांगितली, हा कागद कुठे जाणार आणि कुठे जाणार नाही ते समजावले, आणि मग तेच नऊ प्रश्न विचारले. बेरीज १७ आली. प्रश्न तेच, बाई तीच, मधे पंधरा दिवससुद्धा गेले नव्हते. एकदा शून्य आणि एकदा सतरा. विचारणारे माणूस बदलले, एवढाच फरक. तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेता आले ते त्या सतरामुळे. पहिल्या शून्यावर सगळे थांबले असते तर?

लोथियन समितीची आठवण

मोजमापाचा हा वाद आपल्याला नवा नाही. १९३२ साली मताधिकाराचा विचार करण्यासाठी लोथियन समिती काम करत होती. अस्पृश्यांची संख्या किती, हा प्रश्न तिच्यापुढे आला तेव्हा काही प्रांतांतून चमत्कारिक उत्तरे आली. आमच्याकडे अस्पृश्य नाहीत, असलेच तर मूठभर आहेत! बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी आपले स्वतंत्र टिपण जोडले आणि कसोटीवरच बोट ठेवले. प्रत्यक्ष शिवल्याने विटाळ होतो असे मानतात की नाही, एवढीच कसोटी लावाल तर संख्या कमीच भरेल. शब्दशः अस्पृश्यता जिथे ढिली झाली आहे तिथेही मनात मानलेली अस्पृश्यता शाबूत असते. मोजायची आहे ती तीच, असे त्यांचे म्हणणे होते. कसोटी कोण ठरवतो त्यावर आपण मोजले जातो की गाळले जातो हे ठरते, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते.

एचआयव्हीच्या प्रश्नाला हीच दृष्टी लावून पाहा. विषाणू दबला, म्हणजे शब्दशः बाधा जवळपास संपली. ज्यांच्या रक्तात विषाणू सापडत नाही त्यांच्याकडून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. ताट-वाटीतून, तांब्यातून, मिठीतून तर ती कधीच होत नव्हती. तरीही ताट वेगळे राहते. यंत्राला विषाणू सापडत नाही, पण शेजारणीच्या नजरेला तो सापडतो. मग कसोटी कुठली लावायची, रक्ताची की नजरेची?

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि बंगळूर येथील एचआयव्हीबाधितांच्या एका अभ्यासाने कलंकाचे चार प्रकार वेगळे केले. एक, प्रत्यक्ष भोगलेला. दोन, दुसऱ्यांच्या वाट्याला आलेला आणि आपण ऐकलेला. तीन, समाजात तो सर्वत्र आहे असे जाणवणारा. चार, स्वतःच्याच मनात मुरलेला. प्रत्यक्ष भोगलेल्या आणि सभोवती जाणवणाऱ्या कलंकामुळे माणूस आपली बाधा लपवत राहतो आणि लपवण्याच्या धडपडीतून त्याचे मन खचते, असे त्या अभ्यासात दिसले.

हे आपल्याला कुणी शिकवायला हवे काय? आडनाव बदलून शहरात खोली भाड्याने घेणाऱ्या आपल्या तरुणाला विचारा. त्याला घरमालकाने हाकललेले नसते. पण दुसऱ्याला हाकलल्याचे त्याने ऐकलेले असते, आणि तेवढे पुरते. २००६ साली खैरलांजी घडले तेव्हा प्रत्यक्ष घाव एका कुटुंबावर पडले, पण त्या रात्री झोप महाराष्ट्रभरच्या वस्त्यांची उडाली. ऐकलेला कलंकही माणसाला आतून पोखरतो. आता कल्पना करा, एकाच माणसाला दोन गोष्टी लपवायच्या आहेत: कार्यालयात जात आणि घरात गोळ्यांची बाटली. बाटलीवरचे लेबल सोलून टाकणारा हात आणि दारावरच्या पाटीतून आडनाव गाळणारा हात एकच असतो. या दुहेरी ओझ्याची बेरीज कोणत्या प्रश्नावलीत होते?

आणखी एक धोका आहे. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, जन्मभर वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच छाटून घेतो आणि मिळेल त्यात समाधान असल्याचे सांगतो. ज्याला गुलामीची जाणीवच नाही अशा गुलामाला प्रसन्नतेच्या प्रश्नावलीत गुण चांगलेच मिळतील! म्हणून केवळ ‘तुम्हाला कसे वाटते’ एवढे विचारून भागणार नाही. ‘तुमच्याशी कोण कसे वागले’ हेही विचारले पाहिजे.

आपल्याच घरातील वेगळे ताट

आता कडू गोष्ट. या भगिनीचे सासर कुणा मनुवाद्याच्या वाड्यात नाही. ते आपल्याच वस्तीत आहे. घराच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. १४ एप्रिलला त्या दारावर निळा झेंडा लागतो. आणि त्याच घरात एका विधवेचा तांब्या वेगळा, ताट वेगळे, कपडे धुण्याचा दगड वेगळा. ज्यांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, त्यांच्याच घरात एका माणसाचा तांब्या बाजूला ठेवला जातो, याला काय म्हणावे? नवऱ्याकडून आलेल्या आजाराचा दोष बाईच्या माथी मारणारी मनुस्मृती आपण १९२७ सालीच महाडला जाळली ना? मग ती या घरात कुठून आली?

हे लिहिल्याबद्दल काही बांधव रागावतील. वस्तीची बदनामी होते, आधीच आपल्याकडे बोटे दाखवतात, त्यात हा आजार आपल्या कपाळी कशाला, असे म्हणतील. ही भीती खोटी नाही. एचआयव्ही जात पाहत नाही आणि तो कुण्या एका समाजाचा आजार नाही, हे ठणकावून सांगितलेच पाहिजे. पण आजार जात पाहत नसला तरी उपचार, रोजगार, भाड्याची खोली आणि शेजार जात पाहतात. म्हणून जातीचा तपशील हवा. तो केंद्राच्या खिडकीवर नावानिशी मागायचा नाही. नाव नसलेल्या पाहणीत, स्वेच्छेने, बाधितांच्या संघटनांमार्फत घ्यायचा. झाकून ठेवल्याने बदनामी टळत नाही. आत कुढणारी माणसे तेवढी एकटी पडतात.

गुण मिळाले, पुढे काय?

वकील म्हणून माझा शेवटचा मुद्दा. मोजमापानंतर न्याय नसेल तर मोजमाप हा छळ आहे. मरावेसे वाटते काय, असा प्रश्न विचारून, ‘हो’वर खूण करून, ‘पुढचा नंबर’ म्हणून हाक मारणे ही क्रूरता आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या पाठीशी समुपदेशक, डॉक्टर आणि कायद्याची मदत उभी असली पाहिजे.

कायदा आज आपल्या बाजूने आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या खटल्यात, काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून दूर ठेवणे घटनेच्या कलम १४ आणि २१ चा भंग आहे असा निर्णय दिला. खटल्याच्या नावात पक्षकाराचे नाव नाही, कारण न्यायालयाने त्याला नाव झाकून लढू दिले. पुढे एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, उपचार, शिक्षण, भाड्याचे घर यांत भेदभाव करण्यास आणि बाधितांना वेगळे टाकण्यास कलम ३ ने बंदी आहे. कलम ११ नुसार नोंदी ठेवणाऱ्या संस्थांना माहितीचे संरक्षण करावे लागते. कलम २९ राहत्या सामाईक घरात राहण्याचा हक्क देते. कलम ३४ नुसार टोपणनावाने आणि बंद दाराआड खटला चालवण्याची विनंती करता येते. तक्रारीसाठी राज्यात लोकपाल नेमायचा आहे आणि त्याने तीस दिवसांत आदेश द्यायचा आहे.

दुसरा कायदा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळणे हा कलम १८ नुसार प्रत्येकाचा हक्क आहे. आणि आमच्या भगिनीला जी भीती होती तिचे उत्तरही याच कायद्यात आहे: मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कुणाला वेडा ठरवता येत नाही, तसे ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचाच आहे. पण हे औषधाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला कुणी सांगितले? सांगितले असते तर पहिल्या कागदावर शून्य आले नसते.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडतो. एक, व्हायरल लोडचे आकडे जसे दरवर्षी जाहीर होतात, तसे बाधितांच्या मनःस्वास्थ्याचे आकडे राज्यवार आणि जिल्हावार जाहीर व्हावेत. दोन, प्रश्न विचारणारे माणूस औषध देणाऱ्या खिडकीवरचे नसावे; शक्यतो ते बाधितांपैकीच असावे. बाधितांनीच बाधितांना विचारण्याची ही पद्धत २००८ पासून जगभर ‘स्टिग्मा इंडेक्स’ या नावाने वापरली गेली आहे, म्हणजे हे स्वप्नरंजन नव्हे. तीन, प्रश्नावलीचे मराठी वस्तीतल्या बायामाणसांसोबत बसून करावे. चार, ‘कसे वाटते’ याच्या जोडीला ‘कोण कसे वागले’ हे विचारावे. जात, लिंग आणि रोजगार यांचा तपशील नाव न घेता नोंदवावा. पाच, वाईट गुण आलेल्या प्रत्येकाला डॉक्टरसोबत विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मिळावी. तोवर, एचआयव्हीविषयी १०९७ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६, हे दोन सरकारी दूरध्वनी क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहिण्यापासून आपण सुरुवात करू शकतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तथागतांचे तीन प्रश्न

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तिथे आले. त्यांनी त्याला विचारले, तुला काय झाले आहे? मग विचारले, तुझी शुश्रूषा करणारे कुणी आहे काय? तो नाही म्हणाला, तेव्हा तिसरा प्रश्न विचारला, का नाही? भिक्खूने सांगितले, मी संघाच्या काही उपयोगाचा उरलो नाही. मग तथागतांनी पाणी मागवले, ते स्वतः पाणी घालू लागले आणि आनंदाने त्याला धुतले. दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजवले. त्यानंतर त्यांनी सगळ्या भिक्खूंना एकत्र बोलावून जाब विचारला.

माझ्या मते मनःस्वास्थ्याची याहून चांगली प्रश्नावली आजवर झालेली नाही. पहिला प्रश्न दुखण्याचा, दुसरा सोबतीचा, तिसरा कारणाचा. आणि तिसऱ्याचे उत्तर मिळताच चौकशी रुग्णाकडून संघाकडे वळली. आजच्या प्रश्नावल्या पहिल्या प्रश्नाजवळ रेंगाळतात. फार झाले तर दुसऱ्यापर्यंत जातात. तिसरा प्रश्न आणि संघाला जाब विचारणे, हे काम चळवळीचे आहे.

आमच्या भगिनीला न्यायालयाने सासरच्या घरात राहण्याचा अंतरिम आदेश दिला आहे. मुलगा तिच्याजवळ आहे, ताब्याचा अर्ज प्रलंबित आहे. औषध चालू आहे आणि आता झोप थोडी लागते असे ती सांगते. परवा भेटली तेव्हा मी विचारले, “ताई, घरी कसं चाललंय?” ती म्हणाली, “खोली दिली साहेब. पण ताट अजून येगळंच हाय.”

खोली न्यायालयाच्या आदेशाने मिळाली. ताट कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने एक होणार नाही. ते येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातल्या पंगतीत, तिच्या शेजारी बसून, तुम्हाआम्हालाच एक करावे लागेल.

जयभीम! नमो बुद्धाय!